नाव बदललंत, आता जिल्हा कधी करताय? महसूलमंत्र्यांना अकोले तालुक्यातून खुलं पत्र

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स.न.वि.वि.

साहेब, मी अकोले तालुक्यातला. विदर्भातलं अकोला नाही, अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, कळसूबाई-भंडारदऱ्याकडचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मंत्रालयात आमची फाईल एकदा तरी अकोल्याला जाऊन येत असणार असा मला दाट संशय आहे. तुम्ही कामात असता, त्यात माझं पत्र लांबणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आमची मागणी एवढीच, हा अवाढव्य जिल्हा तोडून उत्तरेचा वेगळा जिल्हा करा. पण नव्या जिल्ह्यांचं कुणी विचारलं की सरकारकडून एकच उत्तर येतं, जनगणना होऊ द्या मग बघू. आणि आता तर ३१ डिसेंबर २०२५ नंतर सगळ्या हद्दीच गोठल्या, गाव असो तालुका असो जिल्हा असो, ३१ मार्च २०२७ पर्यंत कुणी हात लावायचा नाही. म्हणजे सव्वा वर्ष विषय बंद. जी जनगणना २०२१ ला व्हायची होती ती २०२७ वर गेली त्यात आमचा काय दोष? तुमची जनगणना उशिरा म्हणून आमचा जिल्हा उशिरा, आणि जिल्हा उशिरा म्हणून माझा भाऊ एसटीच्या मागच्या सीटवर आडवा.

भावाचं सांगतो. गाडीवरून पडला, कमरेखाली एक बाजू गेल्यासारखीच झाली. दिव्यांग सर्टिफिकेट पाहिजे, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, ना पेन्शन ना एसटीची सवलत. आमच्या बाजूला हाडाचे डॉक्टर नाहीत म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरला जा म्हणाले. आता राजूरकडून नगर म्हणजे काय ते नकाशात बघा. पहाटेची गाडी, अकोले, संगमनेर, लोणी, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी, मग कुठं नगर. बाभळेश्वरच्या पुढं तो नगर-मनमाड रस्ता, त्याच्यावर किती आंदोलनं झाली ते तुम्हाला माहितीय. प्रत्येक खड्ड्याला भाऊ माझा दंड दाबायचा, बोलायचा नाही काही. त्याला लघवीला न्यायचं म्हणजे आधी कंडक्टरची विनवणी, मग कुणीतरी दुसऱ्या बाजूनं धरायला पाहिजे, म्हणून तो आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही. पोचलो तर एका सरकारी दवाखान्यात (नाव घेत नाही, तिथल्या बिचाऱ्या सिस्टरांचा काही दोष नाही) खिडकीवर हातानं लिहिलेला कागद चिकटवलेला, आज संबंधित डॉक्टर कोर्टाच्या कामासाठी गेलेत, पुढील बुधवारी यावे. यावे! जणू काही गल्लीतून येतोय. किती हेलपाटे झाले ते मोजणं मी सोडून दिलंय, पण प्रत्येक वेळी माझा रोज बुडतो, बरोबर येणाऱ्या मेहुण्याचा बुडतो, आणि परतीची गाडी चुकली की स्पेशल गाडी करावी लागते, ते पैसे वेगळेच. भंडारदऱ्याच्या माणसाला नाशिक जवळ पडतं साहेब, नगर नाही. पण नाशिकचा दवाखाना म्हणतो तुमचा जिल्हा वेगळा.

आता तुम्ही म्हणाल ही आरोग्य खात्याची तक्रार झाली, माझ्याकडं का. तर तेच सांगायचंय. जिल्हा म्हणजे एक कलेक्टर आणि त्याची लाल दिव्याची गाडी नाही (दिवा आता गेला म्हणा). जिल्हा म्हणजे सिव्हिल सर्जन, जिल्हा परिषद, जात पडताळणी, समाजकल्याण, ग्राहक आयोग, भूमी अभिलेखचे अधीक्षक, जिल्हा उपनिबंधक, असली शे-पन्नास टेबलं जिथं बसतात ते गाव. ते गाव किती लांब, एवढाच गरिबाचा जिल्हा असतो. आणि हद्द कुठं मारायची हे तुमचं खातं ठरवतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४. नवा जिल्हा करायला विधानसभेत कायदा करावा लागत नाही, मसुदा जाहीर करायचा, हरकती घ्यायच्या, राजपत्रात अधिसूचना काढायची. माझ्यासारख्या बारावी पास माणसाला हे वाचून कळलं.

अधिसूचना काढता येत नाही असं तर नाहीच. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं ना, अहमदनगरचं अहिल्यानगर. २०२३ च्या मे महिन्यात अहिल्यादेवींच्या जन्मगावी चौंडीला घोषणा झाली, २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी राजपत्रसुद्धा. दीड वर्षाच्या आत! अहिल्यादेवींचं नाव दिलं त्याला माझा विरोध नाही, उलट आनंद आहे, एवढं स्पष्ट लिहितोय कारण खाली कुणीतरी येऊन शिव्या घालणारच. पण त्या बाईनं घाट बांधले, विहिरी बांधल्या, वाटसरूसाठी धर्मशाळा बांधल्या. लांबून येणाऱ्या माणसाची सोय हा त्यांचा कारभार. त्यांचं नाव पाटीवर लावायचं आणि त्यांच्याच जिल्ह्यातल्या पांगळ्या माणसाला दीडशे किलोमीटर फिरवायचं, हे कसं जमतं तुम्हाला लोकांना?

आकडे घ्या आता. अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटर, महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. तालुके १४. लोकसंख्या २०११ ला ४५ लाखांच्या वर, आज पन्नास तरी असेल, मोजलंयत कुणी? अख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे आमच्या एका जिल्ह्यात चार गोवे बसतात आणि वर जागा उरते. तिथं मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ, विधानसभा, आणि इथं एक कलेक्टर. सिंधुदुर्ग जिल्हा साडेआठ लाख लोकांचा आहे, त्यांना कलेक्टर आहे, झेडपी आहे, सगळं आहे, आणि असायलाच पाहिजे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मग ४५ लाखांना पाच मिळायला पाहिजेत ना हिशोबानं? बरं पाच नको. दोन द्या.

१ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा जिल्हे २६ होते. आज ३६. पासष्ट वर्षांत दहा वाढले. १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ ला लातूर आणि गडचिरोली, १९९० ला मुंबई उपनगर, १९९८ ला नंदुरबार, वाशीम, १९९९ ला हिंगोली, गोंदिया, आणि शेवटचा पालघर १ ऑगस्ट २०१४, तोही विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या तेव्हा. त्यानंतर एकही नाही. पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, युत्या बदलल्या, एका रात्रीत सरकारं बदलली, जिल्हा मात्र बदलला नाही. शेजारी तेलंगणात बघा, २०१४ ला राज्य झालं तेव्हा १० जिल्हे, २०१६ च्या दसऱ्याला ३१, पुढं ३३. आंध्रानं २०२२ ला एका झटक्यात १३ चे २६ केले. छत्तीसगड २००० साली १६ जिल्ह्यांचं राज्य होतं, आता ३३. आपल्या सरासरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर निघतं, तेलंगणात साडेतीन हजारसुद्धा नाही, मोबाईलवर भागाकार केलाय, चुकला असेल तर तुमच्या आयएएस लोकांनी दुरुस्त करावा. राजस्थानानं २०२३ ला ढीगभर जिल्हे केले आणि नव्या सरकारनं डिसेंबर २०२४ ला त्यातले ९ रद्द केले, तसला पोरखेळ नको हे मलाही कळतं. पण पोरखेळ नको म्हणून झोपूनच राहायचं का?

आणि ती व्हॉट्सअपची यादी. दर १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आली की यादी फिरते, महाराष्ट्रात २१ नवे जिल्हे, मालेगाव, अंबाजोगाई, उदगीर, बारामती, संगमनेर, शिर्डी, श्रीरामपूर. मागं २६ जानेवारी २०२५ ला तर एवढी फिरली की आमच्याकडं चहाच्या टपरीवर लोकांनी नव्या जिल्ह्याचा कलेक्टर कुठं बसणार यावर पैजा लावल्या. मग तुमचा खुलासा, असा प्रस्ताव नाही. नसेल. पण लोक अशा यादीवर विश्वास का ठेवतात ते विचारा की कधी. वाट बघून बघून डोळे फुटले की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

विभाजन का अडलंय ते आमच्याकडं शेंबड्या पोराला माहितीय. मुख्यालय. श्रीरामपूर म्हणतं आमची मागणी सगळ्यात जुनी, संगमनेर म्हणतं आमची बाजारपेठ मोठी, शिर्डीकडं विमानतळ आणि साईबाबा. आणि प्रत्येक गावामागं एक साहेब, एक कारखाना, एक शिक्षणसंस्था. या भांडणात सरकारला फार सोयीचं झालंय, एकमत करून या मग बघू म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. एकमत कधी होत असतं का? पालघरच्या वेळी जव्हारवाले नाराज होते, तरी जिल्हा झाला. सिंधुदुर्गात सावंतवाडी होती, कुडाळ होतं, मालवण होतं, मुख्यालय केलं ओरोसला, नवी सिंधुदुर्गनगरीच वसवली. तसं आमच्याकडं करा, कुठल्या साहेबाच्या दारात नको असेल तर माळावर करा, आम्ही माळावर येऊ. दुसरी सबब ऐकतो ती जिल्हा बँकेची, बँक फुटेल म्हणून पुढाऱ्यांना विभाजन नको. अहो पालघर वेगळा होऊन एवढी वर्षं झाली, ठाणे जिल्हा मध्यवर्ती बँक दोन्हीकडं एकच आहे. अकोला-वाशीमची एक आहे, धुळे-नंदुरबारची एक आहे. बँक ठेवा तुमच्याकडं, तिच्या खुर्च्या तुम्हालाच लखलाभ, आम्हाला फक्त दवाखाना द्या.

गंमत म्हणजे सरकारनं आतल्या आत जिल्हा कधीच तोडलाय. आमच्या गाड्यांचे नंबर बघा, दक्षिणेला एमएच १६, उत्तरेला श्रीरामपूर आरटीओचा एमएच १७. लोकसभेला नगर वेगळं, शिर्डी वेगळं. २०२३ ला उत्तरेसाठी शिर्डीत अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर केलं. म्हणजे कर भरायला, मत द्यायला, दोन जिल्हे. सर्टिफिकेट घ्यायला एक. ते अप्पर कार्यालय म्हणजे लग्न ठरवून नुसता साखरपुडा करून ठेवल्यासारखं झालंय, पोरगी ना इकडची ना तिकडची. कारण महसूलची थोडी कामं तिथं, बाकी सगळी खाती नगरलाच.

इंग्रज तरी बरे म्हणायची पाळी आणू नका. त्यांनी १८६९ ला नाशिक जिल्हा वेगळा काढला तेव्हा नगरची उत्तरेकडची बाजू तिकडं दिली आणि अकोले इकडंच ठेवलं. तेव्हा घोड्यावरून फिरणाऱ्या कलेक्टरच्या सोयीनं रेघ मारली असेल. ती रेघ अजून तशीच आहे. स्वातंत्र्य मिळालं, संयुक्त महाराष्ट्र झाला, त्यात माणसं मेली, मंगल कलश आला, आणि आमच्या डोंगरातल्या ठाकर-महादेव कोळी माणसाची वाट एका मैलानंही कमी झाली नाही. भंडारदऱ्याचं पाणी १९२६ पासून खालच्या तालुक्यांचे ऊस पिकवतंय. निळवंडे धरण १९७० ला मंजूर झालं, कालव्याला पाणी सुटलं २०२३ ला, त्रेपन्न वर्षं, मंजुरीच्या दिवशी जन्मलेला माणूस आजोबा झाला. तुमच्या वेळेची ही पद्धत आहे साहेब. धरणाला त्रेपन्न वर्षं, नावाला दीड वर्ष. ज्यात फोटो आहे ते लवकर, ज्यात काम आहे ते सावकाश. हे एका खात्याचं नाही आणि एका पक्षाचं पण नाही, सगळ्यांनी मिळून हे करून ठेवलंय. निवडणूक आली की व्यासपीठावरून जिल्हा देतो म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि निवडून आलं की नवा जिल्हा करायला शेकडो कोटी लागतात, तिजोरीत पैसे नाहीत. मग भाषणाच्या वेळी तिजोरी कुठं होती?

जाऊ द्या. २०२७ पर्यंत हद्दी हलणार नाहीत हे मी मान्य केलं, दुसरा इलाज काय आहे. तोवर मुख्यालय कुठं ते तरी ठरवून ठेवा, मसुदा तयार ठेवा, म्हणजे १ एप्रिल २०२७ ला परत समिती नेमायला नको. जिल्हा तोडायचे निकष काय, किती लोकसंख्या, किती अंतर, ते लिहून वेबसाईटवर टाका, आम्ही आमचं आम्ही मोजून घेऊ. जात पडताळणी आणि झेडपीची कामाची टेबलं आठवड्यातून दोन दिवस उत्तरेत बसवा, माणसं तीच, पगार तोच.

आणि आरोग्यमंत्र्यांना तुम्हीच एक फोन करा. दिव्यांगांचा बोर्ड महिन्यातून एकदा आमच्या अकोले गावात नाही तर निदान संगमनेरला बसवायला सांगा, डॉक्टर येणार नसतील तर आदल्या दिवशी फोनवर मेसेज टाकायला सांगा. त्याला ना हद्द बदलावी लागते ना जनगणना लागते. पुढचा बुधवार आलाच आहे.

आपला,
राजूर परिसरातला एक मतदार