रिव्हॉल्वरची नळी बुजवू नका

संपादक महोदय,

घरातल्या जुन्या वस्तूंचं काय करायचं यावर आपल्या पुरवणीत लेख आला होता, त्यात रिव्हॉल्वरबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, की नळी वेल्डिंग करून बुजवा आणि भिंतीवर लावा. वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून हे पत्र. माझ्याकडे आजोबांचं रिव्हॉल्वर आहे, रीतसर परवान्यावर, आजोबांकडून बाबांकडे आणि बाबांकडून माझ्याकडे आलेलं, आणि मी ते वर्षातून चार-पाच वेळा नेमबाजीच्या रेंजवर नेऊन चालवते.

स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी मॉडेल, दुसऱ्या महायुद्धातलं. ब्रिटन आणि कॉमनवेल्थच्या फौजांसाठी अमेरिकेतून अशी पाच लाखांहून जास्त रिव्हॉल्वर गेली, घाईघाईत बनवलेली, त्यामुळे चमकबिमक काही नाही, राखाडी रंग, अक्रोडाच्या लाकडाची साधी गुळगुळीत मूठ, बुडाला दोरी अडकवायची कडी आणि पाच इंची नळी. दिसायला अगदी साधं. पण घोड्याच्या, म्हणजे मागून काडतुसावर आपटणाऱ्या भागाच्या, टोकावर बोट घसरू नये म्हणून बारीक रेघा असतात ना, त्या आमच्याकडच्याला मधोमध झिजून सपाट झाल्यात, आणि घोडा मागे ओढताना माझा अंगठा बरोबर त्याच सपाट जागेवर जातो. भिंतीवर टांगलेल्या रिव्हॉल्वरची ही जागा मला कधी कळलीच नसती. बघून नाहीच कळत, हातात घेऊन चालवावं लागतं.

आणि चालवल्यामुळेच एक मोठी गोष्ट उघडकीला आली. सुरुवातीला मी .३८ स्पेशल काडतुसं वापरायचे, बसत होती म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालले होते. एक दिवस सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता गोल भाग, बाहेर काढला, दांडी दाबली, सहा पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची रिकामी टरफलं, हातात पडल्या आणि बघते तर प्रत्येक पुंगळी बुडाशी फुगलेली, एकीला तर उभी चीर. रेंजवर एक वयस्कर गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, येतात, त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, अगं हे मुळात .३८ स्पेशलचं नाहीच. ब्रिटिशांची काडतुसं वेगळी होती, आखूड पण थोडी जाड, गोळी २०० ग्रेनची म्हणजे साधारण १३ ग्रॅमची. युद्धानंतर ही रिव्हॉल्वर विकायला काढली तेव्हा अनेकांची चेंबर, म्हणजे सिलिंडरमधली काडतूस बसायची भोकं, आतून कोरून लांब केली गेली, लांबी जमली पण रुंदी मूळचीच राहिली, म्हणून बारीक पुंगळी आत फुगते आणि कधी फाटते. नुसता .३८ आकडा वाचून काडतूस घेऊ नये हे मी त्या दिवशी शिकले. आता मूळच्या मापाची आखूड काडतुसं शोधून आणते, मिळायला त्रास होतो पण पुंगळ्या सरळ निघतात आणि आधी गोळ्या निशाण्याच्या खाली लागायच्या त्या आता नेम धरला तिथे लागतात, कारण माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, पक्की बसवलेली आहे आणि ती त्याच जड संथ गोळीच्या हिशोबाने केलेली आहे.

दुसरी गोष्ट त्यांनीच सांगितली. मुठीच्या बुडाला नंबर आहे आणि त्याच्या आधी नुसता इंग्रजी व्ही. १९४४ मध्ये अमेरिकेच्या एका युद्धनौकेवर असंच एक व्हिक्टरी हातातून डेकवर पडलं, बार उडाला आणि एक नौसैनिक गेला. त्यानंतर कंपनीने घोडा अडवणारा आतला भाग बदलला आणि नव्या रिव्हॉल्वरच्या नंबरात व्हीसोबत एस आला. आमच्यावर एस नाही. म्हणून मी पाचच गोळ्या भरते आणि घोडा नेहमी रिकाम्या चेंबरवर ठेवते. आजोबा पण पाचच भरायचे असं बाबा सांगायचे, का ते मात्र बाबांना माहीत नव्हतं. मला कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

मजा कसली असते असं मला खूप जण विचारतात. आवाजाची नाही, ताकदीची तर नाहीच, धक्का इतका मऊ बसतो की नवखं माणूस सुद्धा दचकत नाही. चाप लांब आणि जड आहे, तो ओढत असताना सिलिंडर फिरतो, आतली प्रत्येक हालचाल बोटाला कळते, कुठे खटका बसला, कुठे घोडा सुटणार, आणि या सगळ्यात माशी हलू द्यायची नाही. पाच बार, मग थांबायचं, पुंगळ्या काढायच्या, परत एकेक भरायची. डोक्यात दुसरं काही राहतच नाही.

सगळीच जुनी रिव्हॉल्वर चालवावीत असं मी अजिबात म्हणत नाही. काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूच्या, जमान्यातल्या रिव्हॉल्वरमध्ये आजची काडतुसं घालणं म्हणजे हात गमावणं. ब्रिटिशांचं वेब्ली मार्क सहा रिव्हॉल्वर, १९१५ पासूनचं, मूळ .४५५ मापाच्या काडतुसाचं, त्यातल्या कित्येकांचा सिलिंडर मागून तासून .४५ ऑटोची काडतुसं बसतील असा केलेला असतो, बसतात खरी पण तो दाब त्या रिव्हॉल्वरला झेपणारा नाही. सिलिंडर ढिला असेल, चेंबर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबत नसेल, तर गोळीचं शिसं खरवडून बाजूला उडतं. हे सगळं जाणत्या माणसाने तपासायचं. पण तपासायच्या आधीच नळीत धातू ओतला तर काय राहिलं? आम्ही तसं केलं असतं तर आमच्या रिव्हॉल्वरची अर्धी हकीकत त्यातच गेली असती.

तेव्हा पुढच्या वेळी या विषयावर छापाल तर कृपया एखाद्या गनस्मिथशी बोलून छापा. आणि ज्यांच्या घरी असं रिव्हॉल्वर कायदेशीर परवान्यावर आहे त्यांनी हे पत्र वाचून एक काम आजच करावं, ते चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवलेलं असेल तर रिकामं असल्याची खात्री करून बाहेर काढावं, तेलाचा हलका हात फिरवावा आणि वेगळं कुलपात ठेवावं, चामडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो. आमच्या नळीच्या उजव्या बाजूला तसा एक डाग पडलाय, तो आता निघत नाही.

आपली नियमित वाचक