निदान चर्चा तरी झाली म्हणे!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. एका हिरॉईनने जागृतीसाठी म्हणून आपण या आजाराने मेल्याची खोटी बातमी पसरवली, तिची पद्धत चुकली पण हेतू चांगला होता, निदान गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर चर्चा तरी झाली, असं लेखकाचं म्हणणं. त्या बाईचं नाव मी लिहीत नाही, आधीच तिला पुष्कळ फुकट प्रसिद्धी मिळालीय.

चर्चा कुठे झाली ते सांगते. शुक्रवारी दुपारी सोलापूरला, शेक (रेडिएशन) देतात त्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर. माझ्या थोरल्या जाऊबाईंना हाच कॅन्सर आहे, २५ पैकी १७ शेक झालेले, सोबत मी होते. शेजारच्या पेशंटच्या पोराने मोबाईलवर बघून मोठ्यांदा वाचलं, अमुक हिरॉईन गेली, ३२ वर्षांची. बाकड्यावरच्या सगळ्या बायका गप्प. जाऊबाई म्हणाल्या, अगं तिच्याकडे एवढा पैसा, परवापर्यंत हिंडत फिरत होती म्हणे, तिला मुंबईचे डॉक्टर वाचवू शकले नाहीत तर मी कशाला शेक घेत बसलेय, चल घरी. नंबर पुकारला तरी उठेनात. शेवटी आतल्या सिस्टर आल्या, म्हणाल्या मावशी हा आजार असा चार दिवसांत नेत नाही, व्हायरस शिरल्यापासून कॅन्सर व्हायलाच दहा-पंधरा वर्षं जातात, आणि हाताला धरून आत नेलं. रात्री जेवल्या नाहीत.

शनिवारी बाई जिवंत झाल्या. तर जाऊबाई काय म्हणाल्या माहितेय? बरं झालं गं, वाचली बिचारी. मग जरा वेळाने, म्हणजे तिला काहीच झालं नव्हतं? आता यावर मी काय सांगणार, लेखकांनी सांगावं.

धक्का द्यायला माझी ना नाही. थिएटरात तंबाखूविरोधी जाहिरातीत तो भुसावळचा मुकेश दाखवायचे, तो पोरगा खरा होता, २००९ मध्ये २४ व्या वर्षी टाटात खरंच गेला (लोक त्याच्यावर मीम करून हसले ते वेगळं). तंबाखूच्या पुडीवर २०१६ पासून ८५ टक्के जागेत इशारा असतो, ते सडलेलं तोंड बघवत नाही, पण खोटं नाही. आणि आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा उस्मानाबाद होतं, टाटाच्या आणि बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी गावोगावच्या बायकांची तपासणी केली, सव्वा लाखाच्या वर बायका होत्या त्या अभ्यासात. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा व्हायरस) टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, २००९ मध्ये जगभर छापून आलं ते. त्यासाठी कोणाला मेल्याचं सोंग घ्यावं लागलं नाही.

आता तुमच्याबद्दल. शनिवारच्या अंकात पहिल्या पानावर चार कॉलम फोटो, खुलासा मात्र रविवारी आतल्या पानावर कोपऱ्यात, दिलगिरीची एक ओळ नाही. एक फोन करून खात्री करायला कोणालाच सुचलं नाही? गुरुवारीच (१ फेब्रुवारी २०२४) बजेटमध्ये ९ ते १४ वर्षांच्या मुलींना या कॅन्सरची लस द्यायला प्रोत्साहन देणार असं आलं होतं, त्याला तुमच्याकडे दोन ओळी. लस आपल्या पुण्यात बनते, माझी मुलगी १२ वर्षांची आहे, ती कुठे मिळेल, किती डोस, हे छापलं असतं तर मी कात्रण काढून ठेवलं असतं.

आणि हे विषय सोडून आहे पण लिहितेच, त्याच लेखाच्या मागच्या पानावर गुटख्याच्या कंपनीच्या इलायचीची पानभर जाहिरात, वर हिरो हसतोय. नुसती इलायची विकायला कोण पानभर जाहिरात देतं हे आमच्या शेंबड्या पोरालापण कळतं. असो, तुमचाही हेतू चांगलाच असणार.

आज १९ वा शेक आहे, अकराची एसटी गाठायचीय म्हणून इथेच थांबते. पत्र छापलंत तर सोबत तिचा फोटो टाकू नका, जाऊबाई पेपर वाचतात.

आपली एक वाचक,
तुळजापूर