उत्प्रेरक कुठे थांबतो, तेही लिहा

संपादक महाशय,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणून वापरायच्या धातूंच्या नॅनोकणांवर आलेला लेख आवडीने वाचला. कण बारीक केले की पृष्ठभाग वाढतो आणि अभिक्रिया झपाट्याने होते, हे त्यात बरोबर सांगितले आहे. १ घनसेंटिमीटर धातूचे १० नॅनोमीटरचे तुकडे केले, तर सगळा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर भरतो. सातबाऱ्यावर मांडायचे तर ६ आर! पण 'जितका वेग तितके चांगले' म्हणत लेख तिथेच संपला, आणि खरी गंमत तर त्यापुढे आहे: उत्प्रेरकाने रेणूतले काय बदलायचे आणि काय सोडायचे, म्हणजेच त्याची निवडकता.

शेतीत येण्याआधी मी रंग-औषधांची कच्ची रसायने बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. तिथे वेगाची काळजी फारशी कुणी करत नसे. वेग कमी पडला तर तापमान वाढवा, दाब वाढवा. उत्प्रेरकाच्या मदतीने रेणूत हायड्रोजन घालायचा, हे तिथले काम; धास्ती असायची ती हा हायड्रोजन नको तिथे शिरण्याची.

डायक्लोरोनायट्रोबेन्झीन घ्या. बेन्झीनच्या वलयावर (कार्बनच्या सहा अणूंच्या कड्यावर) एक नायट्रो गट (नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा) आणि क्लोरीनचे दोन अणू. हायड्रोजन वापरून नायट्रोचा अमिनो (नायट्रोजन आणि हायड्रोजनचा गट) करायचा, क्लोरीनला हात लावायचा नाही, वलय तर शाबूतच राहिले पाहिजे. यातून मिळणाऱ्या डायक्लोरोॲनिलिनपासून डायुरॉन हे तणनाशक बनते, जे कपाशीतही वापरतात. उत्प्रेरक म्हणून साधे पॅलॅडियम (प्लॅटिनमसारखाच महागडा धातू) टाकले तर ते क्लोरीनही तोडते. माल बिघडतो तो बिघडतोच, वर तयार झालेले हायड्रोक्लोरिक आम्ल भांडे खाते. म्हणून प्लॅटिनमवर मुद्दाम गंधकाचा थोडा विषप्रयोग करतात. एरवी याच गंधकाच्या नावाने उत्प्रेरकवाले बोटे मोडतात. असे मंदावलेले प्लॅटिनम नायट्रोपुरते काम करते आणि क्लोरीनच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणजे पैसे मोजून उत्प्रेरक मंद करायचा! लेखातल्या 'जितका वेग तितके चांगले' या हिशेबात हे कुठे बसवायचे?

सोन्याचे तर आणखी नवल. दागिन्यातले सोने हायड्रोजनला दाद देत नाही. पण २००६ मध्ये स्पेनचे रसायनशास्त्रज्ञ अवेलिनो कोर्मा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे नॅनोकण वापरून नायट्रोस्टायरीनमधला नायट्रो गट तेवढा बदलून दाखवला. शेजारचा दुहेरी बंध जवळपास जसाच्या तसा राहिला. बारीक झाल्यावर धातूचा स्वभावच पालटतो, तो असा.

आमच्याकडे काही मालासाठी जुनी पद्धतही चालायची. लोखंडाचा कीस आणि आम्ल, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेशाँ यांची १८५४ पासूनची, नायट्रोचा अमिनो करण्याची रीत. डायक्लोरोॲनिलिन तसे केले, तर कागदावरच्या हिशेबानेही जितका माल, त्याहून थोडा जास्तच लोखंडाच्या ऑक्साइडचा काळा गाळ निघतो. तो कुठे जायचा, हे शिफ्ट केमिस्टने विचारायचे नसते. हायड्रोजनच्या रीतीत मागे उरते ते मुख्यतः पाणी.

विदर्भाच्या वाचकाला हे सारे परके वाटायचे कारण नाही. मरे रेनी या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकात निकेल-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून कॉस्टिक सोड्याने ॲल्युमिनियम काढून टाकले आणि सच्छिद्र निकेल मिळवले, ते सरकीच्या तेलात हायड्रोजन घालण्याच्या धंद्यातून. पुढे तेच रेनी निकेल नायट्रो संयुगांसाठी वापरात आले, बेन्झीनच्या वलयात हायड्रोजन घालण्यासाठीही. आमच्या तालुक्यात सरकीचा विषय निघतो तो ढेपेच्या भावापुरता.

दहावी-बारावीची पोरे 'वेग वाढवणारा पदार्थ' अशी व्याख्या पाठ करतात. तीच ओळ लेखाने गिरवली. आता पुढचा लेख निवडकतेवर द्यावा. नागपूरच्या एलआयटीत (पूर्वीची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आता विद्यापीठ) तेल तंत्रज्ञान शिकवतात, तिथल्या एखाद्या जाणकाराकडून लिहून घेता येईल. सुरुवात सरकीपासून केली तर इकडची पोरे नक्की वाचतील. आणि वापरून झालेले प्लॅटिनम गाळून परत कसे मिळवतात, न मिळाल्यास कारखान्याला ते काय भावात पडते, यावर चार ओळी तरी असाव्यात.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. हिंगणघाट, जि. वर्धा