विद्यापीठाला वर्षभर गाणारा वृंद हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘इंद्रधनुष्य’ आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाच्या निकालाची बातमी आपल्या अंकात वाचली. समूहगानात कोणतं विद्यापीठ पहिलं आलं, हे एका ओळीत होतं. त्या मुलामुलींचं मनापासून कौतुक वाटलं, आणि पाठोपाठ प्रश्न पडला: ही मंडळी आता पुन्हा एकत्र कधी गातील? अनुभवावरून सांगतो, बहुधा कधीच नाही.

युवक महोत्सवातल्या समूहगानाचा नियम या क्षेत्रातल्या सगळ्यांना पाठ आहे. जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार, दहा मिनिटं, आणि चित्रपटगीत चालणार नाही. मीही एकदा त्या सहांत होतो. आधी महाविद्यालयात निवड, मग विद्यापीठात, मग रात्री उशिरापर्यंत तालमी, बाहेरून बोलावलेले संगीत दिग्दर्शक, सगळ्यांना एका रंगाचे झब्बे. स्पर्धा झाली की झब्बे परत, पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. पुढच्या वर्षी पुन्हा नवे सहा. लाखांनी विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाच्या नावाने गाणारी माणसं सहा, आणि तीही दहा मिनिटांपुरती! मला ही गोष्ट तेव्हाही खुपली होती, आजही खुपते.

पुढे मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या एमएससाठी मी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बरला गेलो. तिथला पुरुषांचा ग्ली क्लब, म्हणजे विद्यार्थ्यांचा गायकवृंद, १८५९ सालचा, म्हणजे आपलं मुंबई विद्यापीठ स्थापन झालं त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी सुरू झालेला, आणि तेव्हापासून गातोच आहे. १९५९ मध्ये वेल्समधल्या लँगोलेनच्या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवात पुरुष वृंदांच्या स्पर्धेत तो पहिला आला होता. क्लबातल्या जुन्या मंडळींना या गोष्टीचा फार अभिमान. पण तो वृंद स्पर्धेसाठी गात नाही. त्याचा स्वतःचा हंगाम असतो आणि त्या हंगामाभोवती त्याचं सगळं वर्ष फिरतं.

सप्टेंबरात निवडचाचणी होते. पियानोवर चार-पाच स्वर वाजवायचे, आपण ते लगेच गाऊन दाखवायचे. मग आवाज खाली-वर कुठवर जातो ते तपासतात. निवड कडक, पण संगीताच्याच विद्यार्थ्यांनी यावं अशी अट नाही. माझ्या एका बाजूला दंतवैद्यकाचा विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला अर्थशास्त्राचा. संगीत विभागाची इमारत नॉर्थ कॅम्पसवर, आमच्या इंजिनिअरिंगच्या इमारतींच्या जवळच. प्रयोगशाळेतून निघायचं आणि बर्फ तुडवत तालमीला जायचं. नोव्हेंबरात हिल ऑडिटोरियममध्ये मोठी मैफल. हे सभागृह १९१३ मध्ये बांधलेलं, सुमारे साडेतीन हजार आसनांचं, आणि त्याची बांधणी अशी की मायक्रोफोनशिवाय गायलेलं हलकं गाणंही शेवटच्या रांगेत पोचतं. सुट्टीत बसने दौरा: चर्चमध्ये, शाळांमध्ये कार्यक्रम आणि रात्री गावातल्या कुणाच्या तरी घरी मुक्काम. एप्रिलमध्ये शेवटची मैफल आणि निरोप घेणाऱ्यांची गळाभेट. तिकिटं, बसचं आरक्षण, काळे शेपटीवाले कोट कुणाचे कुणाला बसतात याची यादी, हे सगळं विद्यार्थीच सांभाळत. संचालकांनी फक्त गाण्याकडे बघायचं.

त्या तालमींतली एक गोष्ट मला आपल्या गाणाऱ्या वाचकांना नीट सांगायची आहे, कारण माझी सगळी मागणी तिच्यावर उभी आहे.

चार वेगवेगळ्या सुरावटी, म्हणजे ओळी, एकाच वेळी गायच्या असतात. उंच आवाजापासून खालच्या आवाजापर्यंत त्यांचे चार गट: पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन आणि बेस. मी दुसऱ्या टेनरमध्ये होतो. मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, येत नव्हतं, म्हणून प्रत्येक स्वराखाली पेन्सिलीने सरगम लिहून घ्यायचो. एकदा तालमीत एका दीर्घ स्वरावर संचालकांनी सगळ्यांना थांबवून ठेवलं. बेसकडे षड्ज (सा), बॅरिटोनकडे पंचम (प), पहिल्या टेनरकडे वरचा षड्ज आणि आमच्याकडे गंधार (ग). श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, शेजारचा घेईल तेव्हा आपण स्वर धरून ठेवायचा, म्हणजे आवाज तुटत नाही. संचालक आमच्याकडे बघून म्हणाले, पियानो विसरा, तुमचा स्वर किंचित खाली आणा. आम्ही आणला, आणि क्षणात सगळा स्वर एकसंध होऊन वर आणखी एक स्वर घुमायला लागला, जो आमच्यापैकी कुणीच गात नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. आम्ही खाली आणलेला तो गंधार मी लहानपणापासून ओळखत होतो! चांगला जुळलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. पियानोचा आणि पेटीचा शुद्ध गंधार त्याच्यापेक्षा थोडा चढा असतो, हे आपल्याकडच्या जाणत्या गवयांनी किती वर्षं सांगितलं आहे. तिथल्या मुलांना तो खालचा गंधार कान देऊन शोधावा लागत होता. मला तो माझ्या गुरुजींच्या खोलीतच मिळाला होता.

म्हणून ‘हे पाश्चात्त्यांचं, आपल्या गळ्याचं नाही’ असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. आपली मैफल एकट्या गवयाची, हे खरं. गळ्याला मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सवय, तिथे स्वरावर थेट उतरावं लागतं, हेही खरं. पण ही सवय काही आठवड्यांच्या तालमीत लागते. आणि मिळून गाणं आपल्याला नवं कुठे आहे? पोवाड्यातल्या शाहिरामागे त्याची ओळ उचलून धरणारे झीलकरी उभे असतात, भजनी मंडळात शेवटच्या टाळकऱ्यापर्यंत चाल उचलली जाते. वेगवेगळ्या ओळी एकत्र गाण्याचा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये स्वतःचा वृंद उभा केला आणि त्यांच्यानंतर कूमी वाडिया यांनी तो अनेक दशकं नेटाने चालवला. १९५८ मध्ये रुमा गुहा ठाकुरता यांनी कलकत्ता यूथ कॉयर सुरू केला. मद्रासमध्ये एम. बी. श्रीनिवासन यांनी तरुणांना एकत्र गायला शिकवलं. यातला एकही वृंद विद्यापीठाने काढलेला नव्हता. विद्यापीठाने मनावर घेतलं तर याहून सोपं आहे, कारण मुलं तिथे आधीपासूनच आहेत.

शिवाय आता वाटही मोकळी झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य सरकारने पदवी अभ्यासक्रमाची जी रचना ठरवली, तिच्यात सहअभ्यासक्रमांना, म्हणजे ‘सीसी’ला क्रेडिट आहेत. एनएसएस, एनसीसी, योग, क्रीडा यांच्याबरोबर सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगजीवी कलाही त्यात बसतात. बहुतेक महाविद्यालयांत या क्रेडिटसाठी काय करायचं याची शोधाशोधच चालू असते. आठवड्याला दोन तालमी आणि वर्षाचे चार कार्यक्रम करणाऱ्या मुलाला ते क्रेडिट द्यायला काय हरकत आहे?

आपल्या परीक्षा सांभाळून हंगाम सहज बसतो. जुलैअखेर निवड, सगळ्या शाखांना खुली. चाळीसेक आवाज, मुलं आणि मुली दोन्ही. परीक्षा आटोपल्या की डिसेंबरात विद्यापीठाच्या सभागृहात पहिली मैफल. जानेवारी-फेब्रुवारीत तालुक्यांचा दौरा. आमच्या भागापुरतं बोलायचं तर सुरगाणा, पेठ, कळवण इथल्या महाविद्यालयांत जाऊन गायचं आणि तिथल्या मुलांना शेवटच्या गाण्यासाठी मंचावर घ्यायचं. पियानो लागत नाही. दोन चांगले तंबोरे पुरेत, पेटीपेक्षा तेच बरे. पूर्ण वेळ पगारी संचालक मात्र हवा. ही एक गोष्ट मानधनावर, तीन महिन्यांच्या करारावर करू नये, नाहीतर वृंद पहिल्याच वर्षी मोडेल. आणि रचना आपल्या हव्यात. तुकोबांचे अभंग, ओव्या, भूपाळ्या दोन-तीन ओळींत बांधणारे तरुण संगीतकार आज महाराष्ट्रात आणि गोव्यात आहेत, त्यांना दरवर्षी एक नवी रचना सांगावी आणि तिचे रीतसर पैसे द्यावेत.

कुलगुरूंनी आणि विद्यार्थी विकास मंडळांनी याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती. आपल्या वृत्तपत्रानेही समूहगानाच्या निकालाबरोबर त्या सहा जणांचं पुढे काय झालं, हे एकदा विचारावं. कोणत्याही विद्यापीठाने असा वृंद सुरू केला तर रचनांची सरगम लिहून द्यायला आणि रविवारच्या तालमींत टेनरच्या ओळी बसवून घ्यायला मी येईन. प्रवासखर्च नको, फक्त खोलीची किल्ली वर्षभर मिळावी.

आपला,
एक समूहगायक, नाशिक