पाण्याला पीळ बसत नाही

अलिबाग,
रविवार, दुपार

प्रिय मिल्या,

परवाच बोटीवरून उतरलो, अजून पायाखालची जमीन डोलतेय. तुझा प्रश्न ऐकला: "पाण्याखालचा पाइप गंजलाय हे कळतं कसं? माठासारखा वाजवून बघता का?" हसू आलं, पण निम्मं बरोबर आहे तुझं.

मुंबई हायचं तेल १९७६ पासून निघतंय. किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत. तिथून समुद्रतळावरच्या पाइपांतून ते उरणला येतं. बाहेरून खारं पाणी पोलाद खातं आणि आतून तेलासोबत येणारं पाणी. बाहेरचं कॅमेऱ्यात तरी दिसतं, आतलं नाही.

माठ वाजवला की अख्खा माठ बोलतो. आम्ही एकेका ठिपक्याला विचारतो. डायव्हर शेवाळ-शिंपले खरवडून प्रोब, म्हणजे ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारा तुकडा, टेकवतो. ध्वनी आतल्या बाजूवर आपटून परत येतो. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर पळतो, म्हणजे १२ मिलिमीटरच्या भिंतीतून जाऊन यायला ४ मायक्रोसेकंद. ३ मध्येच परतला, तर ३ मिलिमीटर भिंत गेली म्हणून समज.

शिकाऊ असताना मी रंगावरूनच रीडिंग घेतलं होतं. रंगात ध्वनी निम्म्याहून कमी वेगाने जातो. यंत्राला ते काय ठाऊक! त्याने रंगही पोलाद म्हणून मोजला आणि झिजलेला पाइप धडधाकट दाखवला. साहेबांनी कागद बघितला, मग माझ्याकडे. तेव्हापासून आधी दुसरा प्रतिध्वनी शोधतो, म्हणजे पोलादातच आणखी एक फेरी मारून आलेला. दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजला की रंग हिशेबातून आपोआप सुटतो.

पण ठिपक्या-ठिपक्याने किती पाइप तपासणार? म्हणून पाइपभोवती प्रोबांची कॉलर घालतात आणि खालच्या पट्टीतली लहर लांबीच्या दिशेने सोडतात. इथे एक गंमत आहे, ती मला अजून भुरळ घालते. लहर नुसती पुढे-मागे हलणारी असली तर तिची थोडी ताकद पाण्यात गळते. पाइपला पिळणारी असली तर जवळजवळ नाही, कारण पाण्याला पीळ बसतच नाही. बादलीत काठी जागच्या जागी फिरवून बघ, पाणी दखलही घेत नाही. तीच काठी बाजूला ढकल, लगेच लाटा उठतात.

वेल्डवरून ही लहर सगळ्या घेरातून सारखी परतते. गंज एका अंगाला असेल तर वाकडी होऊन येते. त्यावरून कुठे बघायचं ते कळतं. किती गेलं ते नाही. त्यासाठी पुन्हा डायव्हर आणि प्रोब. त्यात पाइपवर वजनासाठी काँक्रीटचा जाड थर असला की लहर थोड्याच अंतरात विरते, आणि मग आमचा सगळा रुबाबही.

आई विचारते, तू गणपतीला येणार ना? मी त्या आठवड्यात किनाऱ्यावरच आहे. येताना बादलीचा प्रयोग करून ये, नाहीतर तुझ्याकडून इथे करून घेईन. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
संज्या