सावकाश धावायचे दिवस

प्रिय सुहास,

तुझं वेळापत्रक वाचलं. लक्ष्य जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन, धावणं आठवड्यातून चार दिवस, एकूण ३५ किलोमीटर. त्यात केनियाचा मॅरेथॉनपटू एल्युड किपचोगे याचा मंगळवारचा ट्रॅकवरचा वेगवान सराव आणि गुरुवारचा लाँग रन जसाच्या तसा बसवला आहेस. जिद्द उत्तम आहे, पण त्याच्या आठवड्यातले तुला सर्वात कमी उपयोगाचे दिवस तू उचलले आहेस. घ्यायचे होते ते उरलेले, सावकाश धावायचे.

आधी तुझ्यात आणि अव्वल धावपटूंत फरक किती आहे ते पाहू. बीडच्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत हाफ मॅरेथॉन १:००:३० मध्ये पूर्ण केली, म्हणजे पेस किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद (२:५२). किपचोगेने २०२२ मध्ये बर्लिनला २:०१:०९ नोंदवली, तीही २:५२ च्याच पेसने, पण दुप्पट अंतर. २०२३ मध्ये शिकागोत केल्विन किप्टमने २:००:३५ करून ते २:५१ वर नेलं. तुझा १० किलोमीटरचा पेस ५:३० आहे. ही दरी भरायची नाहीच, त्यामुळे तिच्याकडे बघून खचायचंही कारण नाही. पण दुसरी एक दरी आहे आणि ती भरता येते.

१० किलोमीटरच्या वेळेवरून मॅरेथॉनचा अंदाज बांधायचं रीगलचं सूत्र आहे: वेळेला साधारण ४.६ ने गुणायचं. किपचोगेची १० हजार मीटरची वेळ २६:४९. तिच्यावरून २:०३ च्या पुढचा आकडा येतो, आणि तो प्रत्यक्षात त्याहून दोन मिनिटं लवकर पोचला. तुझ्या ५५ मिनिटांवरून ४ तास १३ मिनिटं येतात आणि मागच्या मॅरेथॉनला तू ४:४८ ला पोचलास. म्हणजे तुझं इंजिन जेवढं देऊ शकतं, त्यातली ३५ मिनिटं वाटेत सांडतात. हौशी धावपटूंमध्ये हे सर्रास दिसतं. वेग असतो, तो टिकवणारा पाया नसतो.

व्हीओटू मॅक्सच्या, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याच्या आकड्यावर तू फार विसंबतोस. ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटनने १९६९ मध्ये अँटवर्पला मॅरेथॉन २:०८:३३ मध्ये केली तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता, आणि त्याचा व्हीओटू मॅक्स ७० च्या आतच मोजला गेला होता. त्याहून मोठा आकडा असलेले कितीतरी जण त्याच्या मागे राहिले. खरा फरक दोन गोष्टींत पडतो: त्या कमाल क्षमतेचा किती हिस्सा तास-दोन तास वापरता येतो, आणि प्रत्येक किलोमीटरला किती ऑक्सिजन खर्च होतो. अव्वल धावपटू ८०-८५ टक्क्यांवर दोन तास राहतो. हौशी माणूस ७० टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्याला तिथे साडेचार तास काढायचे असतात. हे दोन्ही गुण मुख्यतः वर्षानुवर्षांच्या सावकाश किलोमीटरांनी वाढतात: स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया (पेशींतली ऊर्जाकेंद्रं) वाढतात, चरबी जाळायची सवय लागते.

आता तुझी नोंदवही बघ. रोजचा पेस ६:००, आणि मॅरेथॉन पडली ६:५० ने. म्हणजे तुझा ‘इझी’, म्हणजे सावकाश धावायचा रन शर्यतीपेक्षा पन्नास सेकंद वेगवान! किपचोगे केनियातल्या कॅप्टागटला, सुमारे २४०० मीटर उंचीवर, आठवड्याला २०० किलोमीटरच्या आसपास धावतो. त्यातले बहुतेक किलोमीटर शर्यतीच्या पेसपेक्षा मिनिट-दोन मिनिटं सावकाश असतात. सकाळी सुरुवातीचा पेस तर कित्येकदा ५:०० पेक्षाही सावकाश. तुझे ६:०० च्या पेसचे दिवस ना सावकाश, ना वेगवान. थकवा पूर्ण, लाभ अर्धा, आणि मंगळवारी पाय इतके जड की ट्रॅकवर हवा तो वेग निघतच नाही.

म्हणून असं कर. चाराऐवजी पाच दिवस धाव. पाचवा दिवस फक्त ३५ मिनिटांचा. इझी रनचा पेस ६:५० ते ७:२०, आणि उन्हाळ्यात किंवा दमट हवेत आणखी वीस-तीस सेकंद सोड. कसोटी सोपी आहे: पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. घड्याळ ‘२२० वजा वय’ धरून हार्ट रेटचे झोन दाखवतं, त्यात दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यापेक्षा श्वासावर विश्वास ठेव. पहिले तीन आठवडे हे कंटाळवाणं वाटेल, लोक पुढे निघून जातील. जाऊ देत. सहा-आठ आठवड्यांनी त्याच हार्ट रेटला पेस सुधारलेला दिसायला लागतो.

कठीण दिवस एकच ठेव: १५ मिनिटं हळू धावून मग १० मिनिटांचे तीन टप्पे ५:४० ने, मध्ये दोन मिनिटं जॉग. तिसरा टप्पा पहिल्याइतकाच निघाला पाहिजे. तो घसरला तर पहिला जास्त वेगात गेला असं समज. एका इझी रनच्या शेवटी २० सेकंदांचे सहा स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या वेगवान धावा घे, मध्ये पूर्ण दम खाऊन.

लाँग रनबद्दल मी आग्रही आहे. किपचोगेचे ४० किलोमीटर सव्वादोन-अडीच तासांत संपतात. तू लिहिलेले ३५ तुला चार तासांवर नेतील. शरीराला किलोमीटर कळत नाहीत, किती वेळ किती आदळआपट झाली ते कळतं. तीन तासांच्या पुढे स्नायूंची मोडतोड वाढत जाते, धावण्याची ठेवण बिघडते आणि पुढचा आठवडा वाया जातो. तीन तासांना थांब, मग ते २५ किलोमीटर का असेनात.

एकूण अंतर ३५ वरून ५० पर्यंत न्यायला बारा आठवडे घे. तीन आठवडे थोडं थोडं वाढव, चौथ्यात पाऊणपट कर. दम काही आठवड्यांत सुधारतो, पण घोट्यामागचा स्नायूबंध आणि नडगीचं हाड जुळवून घ्यायला महिने लागतात. बहुतेक दुखापती याच मधल्या काळात होतात, कारण माणसाला आपण तयार झालो असं वाटतं. किपचोगे २००३ मध्ये पॅरिसला ५ हजार मीटरचा जगज्जेता झाला आणि पहिली मॅरेथॉन २०१३ मध्ये हॅम्बुर्गला धावला. मधली दहा वर्षं त्याच्या पायांत आहेत. शिवाय तो दुपारीही झोपतो. तू लोकलने ऑफिसला जातोस. ज्या रात्री पाच तासच झोप मिळाली, त्या सकाळी कठीण सराव रद्द करून इझी रन कर.

खाण्यापिण्यात नक्कल उलटी पडते. अव्वल धावपटू तासाला ६० ते १०० ग्रॅम कर्बोदकं पचवतात, पण पोटाला तशी सवय लावलेली असते. तुझं वजन ७२, म्हणजे शर्यतीचा खर्च सुमारे ३००० कॅलरी, आणि शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा जेमतेम २०००. २५ ग्रॅम कर्बोदकांचं, धावताना खायचं जेल दर अर्ध्या तासाला, पहिलं तिसाव्या मिनिटालाच, आणि साध्या पाण्याबरोबर. एनर्जी ड्रिंकबरोबर घेतलंस तर मळमळेल. लाँग रनला हेच करून बघ.

पाणी मात्र तहानेपुरतंच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. धावता धावता वजन वाढलेल्यांना, म्हणजे जास्त पाणी प्यायलेल्यांना, धोका सर्वाधिक होता, आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्यांनाही. जो वेगाने धावतो त्याला इतकं प्यायला वेळच नसतो, तुला असतो. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन कर. किलो-दीड किलो घटलं तर ठीक, वाढलं तर पुढच्या वेळी पाणी कमी कर.

तळव्यात कार्बनची पट्टी असलेले वेगवान बूट हवे तर शेवटी घे. आधी किलोमीटर.

डिसेंबरच्या सुरुवातीला एक हाफ धाव आणि प्रत्येक पाच किलोमीटरची वेळ मला पाठव. २:०५ च्या आत आलास आणि शेवटचे पाच पहिल्या पाचाएवढेच निघाले, तर ४ तास २५ मिनिटांत मॅरेथॉन संपेल असा पेस धरायला हरकत नाही. नाहीतर ४ तास ३५ मिनिटांच्या हिशेबाने सुरुवात कर आणि ३० किलोमीटरनंतर बघ.

तुझा,
अजित