ऑनलाइन तासिका आखताना डोळ्यांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीनुसार विद्यार्थ्याला एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून पूर्ण करता येतात. त्यामुळे टाळेबंदी संपली, तरी पडद्यासमोर बसून शिकणे संपलेले नाही. डोळे चुरचुरणे, संध्याकाळी कपाळ दुखणे, दूरचे काही वेळ अंधुक दिसणे या तक्रारी मी एक शिक्षिका म्हणून विद्यार्थ्यांकडून सतत ऐकते आणि त्यांवर केवळ ‘मोबाइल कमी वापरा’ एवढेच सांगणे मला अन्यायाचे वाटते.

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे एकाग्रतेने पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, शिवाय अनेकदा पापणी पुरती मिटतच नाही. अश्रूंचा पातळ थर त्यामुळे लवकर सुकतो आणि जळजळ होऊ लागल्यावर डोळा प्रतिक्रिया म्हणून पाणी गाळतो. म्हणूनच ‘पाणी येते आहे, म्हणजे डोळे कोरडे नाहीत’ हा समज चुकीचा आहे. त्यात ज्यांच्या घरी लॅपटॉप नाही, त्यांना भिंतीवर दाखवण्यासाठी केलेल्या स्लाइड्सची बारीक अक्षरे वीतभर अंतरावरच्या मोबाइलवर वाचावी लागतात आणि जवळचे पाहण्यासाठी डोळ्यांतील स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात.

जुलै २०२० मध्ये केंद्राने शाळांसाठी काढलेल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये नववी ते बारावीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त चार ऑनलाइन तासिकांची मर्यादा होती. महाविद्यालये त्या सूचनांच्या कक्षेबाहेर होती. बारावी होऊन दोन-तीन महिन्यांत प्रथम वर्षाला आलेल्या मुलामुलींचे डोळे एवढ्यात निबर होतात असे मानायचे का?

दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला चांगलाच आहे. पण तासिका एकापाठोपाठ एक लावलेल्या असतील आणि कॅमेरा सुरू ठेवल्याशिवाय हजेरी लागत नसेल, तर तो पाळायचा कधी? म्हणून विद्यापीठांच्या विद्या परिषदांनी सलग ऑनलाइन तासिकांवर बंधन घालावे आणि दोन तासिकांमध्ये किमान १५ मिनिटांची मोकळीक वेळापत्रकातच लिहून द्यावी. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण मिळाले, तर उजळणी डोळे मिटूनही करता येते. आम्हा शिक्षकांना हे सहज जमण्यासारखे आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांमुळे डोळ्यांवरचा ताण कमी होतो, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात दिसून आले नाही. तो खर्च करण्यापूर्वी नंबर नीट तपासून घ्यावा, कारण एरवी न जाणवणारा थोडासा सिलिंड्रिकल नंबरही (बुबुळाच्या असमान वक्रतेमुळे येणारा) पडद्यासमोर त्रास देतो. लाल डोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणणे तर टाळावेच. त्यांत स्टेरॉइड असल्यास दीर्घ वापराने काचबिंदूचा धोका असतो. नंबरची तपासणी प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयातच झाली, तर ज्यांच्या घरी चष्म्याचा विषयच निघत नाही त्या मुलांपर्यंतही ती पोहोचेल.

आपली विश्वासू,
एक प्राध्यापिका, सातारा